म्हशीनं पान्हा चोरला

डोंगरकडा गावच्या डॉक्टरनं माझ्या दंडाचा पट्टा सोडला. म्हणाला, "नर्मदाबाई, बीपी लई वाढलंय. टेन्शन घेऊ नका."

"मला काहून टेन्शन? ते शहरातल्या लोकायला असतंय," म्हणून मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस पान्हा सोडेना. डेअरीची जीप साडेसहाला फाट्यावर येते अन् मिनिटभर थांबत न्हाई. मी म्हशीवर वरडले, सून पुनमवर वरडले, शेवटी म्हशीच्या पाठीत फटका हाणला. कास तट्ट भरलेली, पण थेंब न्हाई. माझं काळीज धडधडून राहिलं होतं. पुन्हा हात लावला, तसं म्हशीचं अंग थरथरलं. मुकं जनावर मला भिऊन राहिलं होतं.

हॉर्न वाजला. मी उठले न्हाई. तिच्या पोटाला कपाळ टेकलं, डोळे मिटले, तिच्या श्वासाबराबर श्वास घेत बसले. जीप निघून गेली. मग सावकाश धार सुटली.

पुनम गोठ्याच्या दारात उभी होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मला चौथा महिना लागलाय."