लाँड्रीतली खुर्ची

लाँड्रीचं दार ढकलताच आईला आधी दिसली ती खुर्ची. लाल गादीची, कोरी करकरीत. तिच्यावर पाय पोटाशी घेऊन तिची सोळा वर्षांची लेक शेंगदाणे खात बसली होती. शेजारी पोरीची मावशी उभ्यानं चादरींवर इस्त्री फिरवत होती आणि दोघी कशावर तरी खदखदून हसत होत्या.

आईचं डोकंच फिरलं.

शाळा संपल्यावर पोरीनं जाहीर केलं होतं, आता पुरे, कॉलेज नको. विनवण्या झाल्या, आरडाओरडा झाला, अबोलाही झाला. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं आणि घरी येऊन भिंतीशी डोकं फोडायचं, असं आईचं चाललं होतं. शेवटी आईनंच युक्ती काढली. थोरल्या बहिणीच्या लाँड्रीत तिला कामाला लावायचं.

"राबवून घे, ताई. बसू म्हणून देऊ नकोस. चार दिवसांत नाक मुठीत धरून कॉलेजात जाईल."

ताईनं मान डोलावली होती. त्याला महिना होत आला. पोरगी रोज शीळ घालत लाँड्रीत जात होती, आणि आज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

आईनं दाखल्यांची फाइल टेबलावर आपटली.

"राणीसरकार, जरा मागचे पडदे मोजा जाऊन. मला मावशीशी बोलायचंय."

पोरगी तोंड वाकडं करून आत गेली. दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा होता, पण आईला आता कशाचंच भान नव्हतं.

"ताई, ही खुर्ची कुठून आली?"

"आणली."

"इतकी वर्षं तू या दुकानात उभी आहेस. स्वतःसाठी साधं स्टूल आणलं नाहीस, आणि हिच्यासाठी गादीची खुर्ची? मी काय सांगितलं होतं तुला? राबवून घे म्हटलं होतं ना?"

ताईनं इस्त्री उभी केली. चादरीची घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली.

"राबवलं असतं," ती म्हणाली, "तर ती गेली असती गं."

आईच्या जिभेवर बरंच काही तयार होतं. माझ्या पोरीचं नुकसान, तुझी माया, माझं नशीब. पण ताई घडीवरून हात फिरवत राहिली. भावजी जाऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी फोनवर ताई म्हणायची, "माझं छान चाललंय," आणि आईला ते ऐकून बरं वाटायचं. आता आईचा भयंकर संताप झाला, आणि तो नेमका कुणावर काढावा हेच कळेना.

तिनं खुर्ची ओढून ताईच्या मागे सरकवली.

"बस आधी."

ताई बसली. सवय नसल्यासारखी, अगदी कडेवर.

पडदा सरकला. पोरगी बाहेर आली. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. इस्त्रीचं बटण बंद केलं, हात ओढणीला पुसले आणि टेबलावरची फाइल उचलून काखेत मारली.

"आई, चल. पाचला बंद होतं कॉलेजचं ऑफिस."

'हेच महिनाभर सांगत होते ना मी,' हे अगदी ओठांवर आलेलं आईनं कसंबसं गिळलं.

"आणि मावशी, ते पडदे एकटीनं भिजत घालू नकोस," दारातून पोरगी म्हणाली. "कॉलेज सुटल्यावर मी येतेय रोज."