आईच्या खात्याला माझा नंबर

आईच्या खात्यात पंचवीस हजार जमा झाले हे आईच्या आधी मला कळलं. बेव्हर्ली पार्कातल्या एका बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या टपावर उभा राहून ग्रीस लावत होतो आणि खिशात फोन थरथरला. खातं आईचं, नंबर माझा. खातं उघडलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता म्हणून फॉर्मवर मी माझा टाकला. पुढे तिच्याकडे बटणांचा फोन आला, तरी नंबर बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. कुणाच्या म्हणजे माझ्या. तिला विचारलंच कोणी होतं?

गेल्या जुलैत खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत नदी घुसली. आमच्या घराच्या मातीच्या भिंती एका रात्रीत बसल्या. आई तेव्हापासून शेजारच्या शालूकाकीच्या पडवीत राहते. मी म्हटलं, भाईंदरला ये. आली, इंद्रलोकातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसली, आणि परत गेली.

मदतीचं म्हणाल तर आमच्या बिल्डिंगनेही मदत गोळा केली होती. बॅनर छापला, फोटो काढले, टेम्पो भरला. टेम्पोत काय? घागरे, एका पायाच्या चपला, चेन तुटलेल्या बॅगा आणि एक काळा ब्लेझर. चिखलात उभ्या असलेल्या बाईला ब्लेझर! शालूकाकीने तो शेतातल्या बुजगावण्याला घातला. आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या दयेचा तेवढाच उपयोग झाला.

मग फेब्रुवारीत एका संस्थेच्या दोन मुली वाडीत आल्या. घराघरात बसल्या, बँकेचे नंबर लिहून घेतले आणि सांगितलं, प्रत्येक घराला पन्नास हजार, दोन हप्त्यांत. आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता.

"कशाला वापरायचं त्ये इचारलंच नाय रे त्यांनी. मीच म्हनलं, पावती दाखवायची काय? तर म्हनते, नको आजी, तुमचं तुम्ही ठरवा."

मला रागच आला. पैसे देता आणि विचारत नाही? उद्या कोणी गंडवलं म्हातारीला तर? मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. म्हटलं, "आई, पत्रे घे. आधी छप्पर. बाकीचं मी बघतो."

ती "हां" म्हणाली. आमच्या गावाकडच्या बायकांचा "हां" म्हणजे ऐकलं एवढंच. हे मला बेचाळिसाव्या वर्षीही माहीत नव्हतं.

पैसे जमा झाले त्याच्या चौथ्या दिवशी मेसेज आला. एटीएममधून दोन हजार गेले. ठीक आहे, किराणा असेल. दोन दिवसांनी, बुधवारी, जेवणाचा डबा उघडला आणि दुसरा मेसेज. अकरा हजार चारशे. कुठे? कुठल्याशा स्टील सेंटरमध्ये.

घास तोंडातच राहिला. माझ्याबरोबर काम करणारा चंदन म्हणाला, "क्या हुआ शिवा भाऊ?"

"माँ ने बर्तन खरीदा. साडेअकरा हजार का."

"बर्तन?" तो हसायला लागला. "घर तो है नहीं, रखेगी कहाँ?"

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिची बॅटरी अर्धा दिवस टिकते आणि चार्जर शालूकाकीच्या घरात एकाच प्लगला, हे मला माहीत होतं. तरी दुपारभरात मी वीस वेळा फोन लावला. चौथ्या मजल्यावरची बाई दरवाजातून दोनदा डोकावली, "भैया, कितना टाइम?" तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही. डोक्यात एकच चालू होतं. कोणीतरी तिला दुकानात नेलं असणार. कार्ड घासायला लावलं असणार. पिन शालूकाकीला माहीत आहे. शालूकाकीचा भाचा नक्की काय करतो? गावातला प्रत्येक माणूस मला चोर दिसायला लागला. ज्या बाईच्या पडवीत माझी आई आठ महिने झोपली, तीसुद्धा.

संध्याकाळी घरी आलो तरी तेच. खिडकी ते दरवाजा, दरवाजा ते खिडकी. घर केवढं? सहा पावलांत संपतं.

उर्मिला, माझी बायको, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. दिवसभर कण्हणारी माणसं ऐकून आलेली असते. ती म्हणाली, "अहो, बसा जरा. त्यांचे पैसे आहेत. घेतली असतील भांडी."

"अकरा हजारांची? एकट्या बाईला?"

"तुमचा पगार झाला की त्याचा मेसेज आईंना जातो का?"

"त्याचा काय संबंध?"

"तुम्ही दिवाळीला छत्तीस हजारांचा टीव्ही आणलात, हप्त्यावर. त्यांनी तुमचं कार्ड बंद करायला धावाधाव केली?"

कार्ड बंद! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती मला टोमणा मारत होती आणि मी त्यातून कल्पना उचलली. नोंदलेल्या नंबरवरून बँकेला एक मेसेज टाकला की कार्ड बंद होतं. नंबर तर माझाच. टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, कार्ड बंद करण्यात आलं आहे. खरं सांगतो, तेव्हा बरं वाटलं. पोटभर जेवलो. आईला वाचवलं असं वाटत होतं मला.

गुरुवारी सकाळी अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शिवा, माझं कार्ड चालंना रे."

मागे भांड्यांचा आवाज. टोपावर टोप ठेवल्याचा.

"मी बंद केलंय."

"का?"

"का म्हणजे? घराला भिंत नाही आणि तू भांडी घेत सुटलीस! कोणी सांगितलं तुला? कोण आहे बरोबर?"

"शालू हाय. आनि लग्नाचे टोप हायत ते. माझ्या चुलीवर ठेवायला घेतले नायत."

मग तिने सांगितलं. दुकानाच्या फोनवरून, घाईत, दुकानदार शेजारी उभा असताना. वाडीची सामायिक भांडी पुरात गेली होती. मोठे टोप, पराती, झारे, सगळं. तेव्हापासून कोणाकडेही हळद असो, बारसं असो, भांडी खेडहून आणायची. भाडं वेगळं, टेम्पोचे तीन हजार वेगळे. पावसाच्या आधी आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून सात लग्नं होती. पुढे गणपतीला सगळे मुंबईकर येणार. आईने टोप घेऊन भाड्याने द्यायचं ठरवलं होतं, दोन घरांकडून विसारही घेतला होता. काल अर्ध्याहून जास्त पैसे भरून तिने सहा टोप आणि शेगडी बाजूला काढून ठेवली, आज उरलेले नऊ हजार आठशे भरून टेम्पोत घालायची.

"रविवारी मोऱ्यांकडं हळद हाय. शब्द दिलाय मी."

"मला सांगायचंस ना आई!"

"तू इचारलास कवा? तू म्हनलास पत्रे घे." मग आवाज खाली आणून, "चालू कर लवकर. लोकं बघतायत."

"होत नाही गं. एकदा बंद केलं की झालं. नवीन कार्ड पोस्टाने येतं. दहा-बारा दिवस."

"मग बँकेतून काढते."

"पासबुक?"

पासबुक नदीत गेलं होतं. दुसरं मागितलं होतं, मिळालं नव्हतं. मागून दुकानदार म्हणाला, "मावशी, टेम्पोवाला थांबणार नाही. चिपळूणचं गिऱ्हाईक सकाळपासून मागतंय हे टोप."

"मी पाठवतो," मी म्हटलं. "अर्ध्या तासात पाठवतो. थांबव त्याला."

पाठवतो! महिन्याची सत्तावीस तारीख होती. माझ्या खात्यात तेवीसशे रुपये. टीव्हीचा हप्ता गेला होता. चंदनकडे मागितले, त्याने एक शब्द न विचारता पाच हजार दिले. उर्मिलाला फोन केला. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "शाबास," आणि तीन हजार पाठवले. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये तशीच लटकत ठेवून मी हे करत होतो, आणि वरून खालून लोक मला शिव्या घालत होते. बरोबर घालत होते.

दुकानाच्या नंबरवर फोन लावला तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

"त्या मावशी? गेल्या की," दुकानदार म्हणाला. "बरोबरच्या बाईंनी भरले पैसे. टेम्पो घाट चढला पण असेल."

मी पायरीवर बसलो. सुटलो म्हटलं. कुठचा सुटतोय!

संध्याकाळी आईचा फोन आला, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला परवडलं असतं.

"टोप आले. आता निम्मं शालूचं. भाडं आलं की निम्मं तिला, निम्मं मला. कागुद केलाय."

"निम्मं कशाला? मी उद्या पैसे पाठवतो, तिचे तिला देऊन टाक."

"नको."

"आई, तो धंदा तुझा आहे."

"होता. शालू तिच्या हप्त्याच्या पैशात गोठा बांधनार व्हती. पावसाच्या आधी. तिनं गोठा थांबवलान आनि माझ्या शब्दाला पैसे घातलान. आता तुझे पैसे तिच्या तोंडावर मारू काय?"

माझ्या एका मेसेजने आईचा अर्धा धंदा गेला आणि शालूकाकीच्या म्हशी यंदाही पावसात उभ्या राहणार. कोणी तिला लुटलं नव्हतं. जे काय केलं ते मी केलं, इंद्रलोकात बसून, पोटभर जेवून.

"आणि छप्पर?" तरी माझ्या तोंडून गेलंच.

"छप्पर खाली बांधायचंच नाय मला. परत नदी येईल. वरच्या रानात बांधीन. दुसरा हप्ता जोत्याला, आनि टोपांचं भाडं साठवून भिंती. पुढल्या पावसापर्यंत होईल. ह्यो पाऊस शालूच्या पडवीत काढीन."

तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. दोन पावसाळ्यांचं. मी मात्र पत्र्याचा भाव काढत बसलो होतो, जिथे ती राहणारच नव्हती त्या जागेसाठी.

पुढच्या आठवड्यात बँकेचा एक मेसेज आला. या खात्याचा मोबाईल नंबर बदलण्यात आला आहे. शालूकाकीला घेऊन ती बँकेत गेली होती, पासबुकही घेऊन आली. मला सांगून गेली नाही. का सांगेल?

दुसरा हप्ता पंधरा एप्रिलला यायचा होता. त्या दिवशी माझा फोन वाजत होता आणि मी दरवेळी हातातलं काम टाकून बघत होतो. लोन हवंय का. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोणाच्या तरी. सोसायटीची मीटिंग. आईच्या खात्याचं काही नाही, येणारच नव्हतं, हे माहीत असून बघत होतो. आला असेल का? अडकला असेल का? चंदन म्हणाला, "भाऊ, या तो फोन फेंको या पाना पकडो."

पाचला मीच फोन लावला.

ती मोऱ्यांच्या हळदीबद्दल बोलली. अडीचशे माणूस जेवलं. टोप घासताना शालूचे आणि तिचे हात सोलले. आणखी दोन लग्नांचा विसार आला. उन्हाने विहीर तळाला गेलीय. उर्मिलाची कंबर कशी आहे? सगळं बोलली, पैशाबद्दल सोडून. मी ऐकत होतो. हप्ता आला का, एवढे तीन शब्द जिभेवर बसले होते, आणि मी जीभ दातांखाली धरून ठेवली होती.

मग ती म्हणाली, "उद्या गवंडी येनार हाय. वरच्या रानात. जोतं आखायला."

म्हणजे आला. किती मागतोय तो गवंडी? दगड कुठून आणणार? सिमेंट कोणाकडून? तिला गंडवणार नाही ना?

"बरं," मी म्हटलं.

"नुसतं बरं?"

"तुला मला काही विचारायचं असलं, तर विचार."

"इचारीन," ती म्हणाली. तेवढ्यात शालूकाकीच्या अंगणात कोणीतरी टोप मागायला आलं, आणि तिने फोन ठेवला.

मी तसाच उभा. वर सहाव्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्टचा दरवाजा बडवत होतं.