कमांडर आरोहीच्या मरणाचा घोळ

घाटनांदूरला पाईप-फिटिंगचं दुकान चालवणाऱ्या केदारनाथनं गेली सात वर्षं देवाकडं एकच मागणं लावून धरलं होतं, की कमांडर आरोही परत यावी. देवानं ऐकलं. फक्त ऐकताना केदारनाथच्या घरची अडचण काही त्यानं विचारात घेतली नाही.

कमांडर आरोही म्हणजे 'दूरयान' या मालिकेतली. अंतराळात भरकटलेलं यान, त्यातली भांडकुदळ माणसं आणि त्या सगळ्यांना वळणावर आणणारी ही बाई. शेवटच्या भागात यानाचं दार आतून लागेना. कुणीतरी बाहेर जाऊन लावलं तरच बाकीचे वाचणार होते. आरोही बाहेर गेली, दार लागलं आणि पडदा काळा झाला. पुढच्या आठवड्यात केदारनाथ जेवणखाण आटोपून टीव्हीसमोर बसला, तर त्या वेळेला एक बाई पनीरची भाजी शिकवत होती. मालिका बंद केली होती. का केली, ते कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडं माणूस आनंदला की फ्लेक्स लावतो आणि दुखावला तरी फ्लेक्सच लावतो. केदारनाथ, जीपवाला अंगद आणि फ्लेक्स छापणारा पप्पू, या तिघांनी बसस्टँडच्या चौकात भला मोठा फ्लेक्स चढवला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कमांडर आरोही.' खाली 'शोकाकुल' म्हणून तिघांचे गॉगलवाले फोटो, कारण पप्पूच्या कॉम्प्युटरात तेवढेच होते. दिंद्रुडच्या मामांनी फोन करून दबक्या आवाजात विचारलं, "गेलेल्या बाई आपल्याकडच्या का सूनबाईकडच्या?" गावातले दोघंतिघं दुकानात येऊन मान खाली घालून बसले. एकजण जाताना नळाची तोटी घेऊन गेला, त्यामुळं दुखवट्यात दुकानाचं नुकसान म्हणावं असं झालं नाही.

त्याच साली केदारनाथला मुलगी झाली. त्यांच्या घरात एक रीत होती. लेकराला नाव ठेवायचं ते गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं नाव उचललं, तर त्याच्या वाटचं आयुष्य लेकराकडं येतं किंवा लेकराचं तिकडं जातं, असा त्याची आई महादेवीबाई हिचा पक्का हिशेब. केदारनाथनं 'आरोही' म्हटल्यावर तिनं एकच विचारलं होतं.

"बाई जिवंत हाय का गेली?"

"गेली, माय. मालिकेतली हाय ती."

"कुठली का असंना. नाव ते नाव. गेली ना?"

"गेली. चौकात बोर्ड हाय की."

महादेवीबाई चौकात जाऊन बोर्ड बघून आली आणि पाळण्यात नाव पडलं.

आता पोरगी पहिलीत जायची होती. सोमवारी शाळेत नाव घालायचं आणि शाळेत जे चढलं ते जन्मभराचं. नेमकी त्याच आठवड्यात महादेवीबाई डोळे दाखवायला अंबाजोगाईला गेली. मोतीबिंदू निघाला नाही, पण थिएटरवरचं पोस्टर मात्र तिला लख्ख दिसलं. घरी येऊन तिनं पायसुद्धा धुतले नाहीत.

"केदार, ती तुझी मेलेली बाई हातात बंदूक घेऊन उभी हाय."

"सिनेमा निघालाय, माय. मालिकेचं पुढचं."

"म्हंजे जिवंत हाय."

"तसं अजून सांगता येत न्हाई."

"मग शनिवारपर्यंत सांग. जिवंत असली तर सोमवारी पोरीचं नाव सरस्वती घालायचं. तुझ्या आजीचं."

केदारनाथची बायको रुद्राणी आतून ऐकत होती. आजेसासू सरस्वतीबाईनं महादेवीबाईला तरुणपणी किती छळलं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नात सरस्वती झाली की सासूच्या नावानं दिवसभर हाका मारायची आणि मनात आलं तर दोन धपाटे घालायची सोय होणार होती. पण सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हाही त्याच घरातला नियम. "हाक कशी मारणार, ते आत्यांनी ठरवलेलं दिसत न्हाई," रुद्राणी पोळी उलटत म्हणाली. मग केदारनाथकडं वळून हळूच म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव बदलू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुकानात पंचायत बसली. अंगद, पप्पू आणि शाळेतल्या मंजुषा मॅडम. मॅडमनी मालिका दोनदा बघितली होती, त्यामुळं त्यांचा शब्द वजनाचा.

"हे बघा, दार लागलेलं आपण पाहिलं," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "ती मेलेली पाहिली का? नाही. म्हणजे ती तेव्हाही जिवंतच होती."

"मॅडम, बाहेर हवा न्हाई," अंगद म्हणाला. "हवा नसल्यावर माणूस काय करतंय? ही सिनेमातली तिची नक्कल असणार. यानाच्या मशीननं बनवलेली."

"नक्कल अशी हुबेहूब असते का बे?" पप्पूनं विचारलं.

"तू एका फोटोवर अख्ख्या तालुक्याचे वाढदिवस छापतूस आणि हे मला विचारतूस?"

पप्पूला ते लागलं. त्यानं तिसरंच काढलं. म्हणे, ही दुसऱ्या काळातली आरोही असणार. आपली मेली, पण त्या काळातली मरायची राहिली होती, ती इकडं आली.

"म्हणजे दोघी?" केदारनाथनं विचारलं.

"दोघी. किंवा एकच, दोनदा."

केदारनाथनं हातातला पाईपचा एल्बो उगाच फिरवला. दुखवटा ओसरल्यापासून तो अंगद-पप्पूशी भांडत आला होता की आरोही जिवंत आहे. त्या वादात एकदा त्यानं अंगदच्या जीपमधून नेकनूरला उतरून एसटी पकडली होती. आणि आज तोच माणूस हळू आवाजात विचारत होता, "पण ती मेलीच, असं धरून चालायला काही आधार हाय का?"

अंगदनं त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

"केदार, तब्येत बरी हाय ना?" अंगद म्हणाला.

शनिवारी दुपारच्या खेळाला अंगदची जीप अंबाजोगाईला गेली. महादेवीबाई पुढच्या सीटवर, बाकीचे मागं. मालिकेतलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं, पण निकाल तिनं द्यायचा होता आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर निकाल द्यायची तिची सवय नव्हती.

सिनेमा सुरू झाला आणि ती आली. केस पिकलेले, गालावर वण. केदारनाथ खुर्चीतून अर्धा उठला. एका मनानं टाळी वाजवली. दुसऱ्या मनानं म्हटलं, आता बाई, कृपा करून मर. ज्या बाईसाठी आपण चौकात फोटो लावून रडलो, तिच्या मरणाची वाट बघतोय, हे ध्यानात आल्यावर त्याला आपलीच लाज वाटली. तेवढ्यात ती पडली. तो सुटकेचा श्वास सोडतोय तोवर बाजूच्या खोलीतून तीच चालत आली, केस काळे. मग दोघी बोलल्या. मग पिकल्या केसांची दाराबाहेर गेली, का काळ्या केसांची गेली, ते धुरात दिसलं नाही. दार लागलं आणि पुन्हा पडदा काळा झाला.

बाहेर उसाच्या रसवंतीवर तिघं तावातावानं भांडायला लागले. अंगद म्हणाला नक्कल मेली. मॅडम म्हणाल्या कुणीच मेलं नाही. पप्पू म्हणाला दोघी मेल्या, आपण बघितली ती तिसरी. केदारनाथला तिघांचंही पटत होतं आणि तेच त्याचं दुखणं होतं. तो आईशेजारी बाकावर जाऊन बसला.

"माय, आता काय करायचं?"

महादेवीबाईनं रसाचा गिलास निवांत संपवला.

"एवढा वेळ मी कान देऊन बसलते," ती म्हणाली. "त्या यानात कुणी तिला नावानं हाक मारली का?"

केदारनाथ आठवायला लागला. मंजुषा मॅडम भांडायच्या थांबल्या. "सगळे कमांडरच म्हणतात," त्या सावकाश म्हणाल्या. "ती दुसरीसुद्धा तिला कमांडरच म्हणाली."

"मंग? दोघींनी मिळून ते नाव एकदाबी वापरलं न्हाई. तिकडं नुसतं पडून हाय. पडून ऱ्हायलेली वस्तू आपल्या पोरीनं वापरली, तर कुणाच्या आयुष्यातलं काय कमी होतंय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् तसंबी, सासूबाईंच्या नावानं मला काय हाक मारता येणार न्हाई. मॅडम, सोमवारी आरोहीच घाला."

मॅडमनी मान डोलावली. अंगद जीप काढायला गेला. केदारनाथनं घरी रुद्राणीला फोन लावला, तर तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि लगेच मागं पोरीला हाक मारली, आरोही, ये गं, हात धू.

केदारनाथचं काम झालं होतं. तरी जीपमध्ये बसल्यावर त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना. वाटेतली वस्ती मागं पडली तसा तो पुढं वाकला.

"पण माय, तुला काय वाटतं? ती मेली का जिवंत हाय?"

"मला काय विचारतूस?" महादेवीबाई समोर बघत म्हणाली. "बोर्ड तू लावलतास."