चांदणीची एक फेरी

मी वरातीतली एक जुनी, पांढरी घोडी आहे. नाव चांदणी. मित्रांनो, दिल्लीतला नवरदेव मोटारीने येवो नाहीतर विमानाने, मांडवाच्या दारात त्याला माझ्याच पाठीवर बसून यावे लागते. भल्याभल्यांचे पाय मी लटपटताना पाहिले आहेत. तोंड फुलांच्या सेहऱ्याआड लपते, पण घोडीच्या पाठीला सगळे कळते.

माझे बालपण करोल बागेजवळच्या एका घोडीवाल्याकडे गेले. त्याने मला एकच विद्या शिकवली, पण अगदी पक्की. चार पावले चालायचे. पुढे नवऱ्याचे मामा, मेहुणे नाचू लागले, टाळ्या वाजल्या, की जागच्या जागी उभे राहायचे. टाळ्या थांबल्या की पुन्हा चार पावले. मामांचा नाच कसाही असो, माझा पाय कधी कुणाच्या पायावर पडला नाही. याचा मला आजही अभिमान आहे. फटाक्यांची मात्र मला फार भीती वाटे. कानाजवळ माळ फुटली की अंग थरथरायचे आणि तरी उभेच राहावे लागायचे.

वय झाले तसे घोडीवाल्याने मला विकायला काढले. तेव्हा अरुणाताई आल्या. मूळच्या पुण्याच्या, सरकारी नोकरीत, राहायला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. घोड्यावर बसायचे त्यांचे लहानपणापासूनचे स्वप्न होते आणि आता निवृत्ती जवळ आली होती. हौसेला मोल नसते म्हणतात, ते खरेच. डॉक्टरांनी मला तपासून हलकी रपेट चालेल असे सांगितले आणि गुरुग्रामच्या पुढे एका तबेल्यात माझी सोय झाली. रोज गाजर, रोज खरारा. मी तर माहेरीच आले होते.

पण एक घोटाळा झाला. अरुणाताई पाठीवर बसल्या आणि मी चालू लागले, की कुंपणापाशी उभे असलेले त्यांचे यजमान, दत्तात्रयराव, आनंदाने टाळ्या वाजवत. मग मी शिकवल्याप्रमाणे थांबे. मागच्या घोड्यांची रांग लागे. एवढी शहाणी मी, आणि लोक मला अडेल म्हणू लागले! वाईट वाटणारच ना?

एक दिवस दत्तात्रयराव म्हणाले, "अरुणा, तबेलेवाले रोज तक्रार करतात यार. रविवारच्या रपेटीच्या शिबिरातही ही चालली नाही, तर घोडीवाल्याकडे परत. बिल्कुल फायनल."

"अहो, त्या फटाक्यांत पुन्हा?"

"मग काय, क्वार्टरच्या बाल्कनीत बांधू?"

अरुणाताई माझ्या मानेवर गाल टेकून उभ्या राहिल्या. मला त्या रात्री चारा गेला नाही.

शिबिरात माणसे आपापला घोडा घेऊन आली होती, कारण तिथे दोघांनीही शिकायचे असते. शिकवणाऱ्या देविकामॅडमनी सांगितले, "बस, एक पूरा चक्कर. बिना रुके."

मी निघाले. "वा, चांदणी!" दत्तात्रयरावांनी टाळी वाजवली. मी थांबले. मला हुरूप यावा म्हणून सगळेच टाळ्या वाजवू लागले. मला वाटले, अबब, केवढी मोठी वरात! मी खांबासारखी उभी राहिले. अरुणाताईंनी आधी माझ्या टवकारलेल्या कानांकडे पाहिले, मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडे. मग त्या एकदम ओरडल्या, "अहो, टाळ्या बंद करा!"

शांतता झाली. मी चार पावले टाकली.

"आता वाजवा!"

मी थांबले. अरुणाताईंना हसू आवरेना. "अहो, हिला वाटतंय वरात चाललीये! आपणच थांबवतोय हिला!"

"अच्छा! तो आज बारात में कोई नहीं नाचेगा," देविकामॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी हात खिशात घातले. मी चालू लागले. मित्रांनो, आयुष्यात इतका रस्ता मी कधी न थांबता चालले नव्हते. कानांत वारा शिरत होता. मला इतका आनंद झाला की मी शेपटीसुद्धा उंच धरली.

शेवटचे वळण आले आणि दत्तात्रयरावांना राहवले नाही. त्यांनी टाळी वाजवलीच. माझे पाय आपोआप थांबले. अरुणाताईंनी लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. मानेवर तळवा ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "चांदणीबाई, लागलं लग्न. आता आपण आपल्यासाठी चालायचं."

दत्तात्रयराव भान विसरून टाळ्या वाजवतच होते, आणि मी चालत होते. फेरी पूर्ण झाली तेव्हा ते धावत आले आणि माझ्या गळ्यात पडले. घोडीवाल्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, एखादे म्हातारे जनावर तुमचे ऐकेनासे झाले, तर त्याला अडेल म्हणण्याआधी ते आजवर कुणाचे ऐकत आले, एवढे शोधा. आणि कुणाच्या वरातीला गेलात, तर आधी घोडीला बादलीभर पाणी पाजा. मग हवे तेवढे नाचा.