महाराजांनी दिलेले दोन दिवस

पौषातल्या त्या सकाळी कन्नडच्या अलीकडं कालनाथ महाराजांच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. मठाखालच्या तळघरातून आज रामप्रसाद बाहेर येणार होता. नऊ दिवस तो आत एकटा होता. ना उजेड, ना घड्याळ, ना मोबाईल. भूक लागली की त्यानं घंटी वाजवायची, मग कुणीतरी अंधारातच भाकरी खाली सोडायचं.

महाराजांचं म्हणणं असं, की सूर्यच दिसला नाही तर यमाला दिवस मोजता येत नाहीत. वर नऊ दिवस सरले तरी आत सातच सरतात, उरलेले दोन आयुष्याला जोडले जातात. त्यातून हिवाळ्यात दिवस आखूड, म्हणून यमाचं लक्ष आणखी ढिलं. यम म्हणजे जणू थंडीत उशिरा येणारा तलाठीच!

रामप्रसादचा थोरला भाऊ पन्नाशीतच वारला होता आणि रामप्रसादला आता एकोणपन्नासावं लागलं होतं. म्हणून त्याच्या आईनं, कस्तुराबाईनं, पाया पडून त्याला तळघरात धाडला. त्याची लेक प्रांजली तेव्हा वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला होती. तिला कुणी विचारलंच नाही. आज ती पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच आली होती.

डोळ्यांवर फडकं बांधून रामप्रसादला वर आणलं. मठाचे विश्वस्त काकासाहेब माईकवरून विचारते झाले, किती दिवस झाले? रामप्रसादनं काळ्या लोकरीचा दोरा वर धरला. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, मोजायचं ते गाठी मारूनच. झोपण्याआधी रोज एक गोळी घ्यायची आणि एक गाठ मारायची, असा त्याचा नेम होता. गाठी सात होत्या.

"नऊ गोळ्या नेल्या होत्या," तो म्हणाला. "दोन उरल्या."

लोकांनी एकच जयजयकार केला. प्रांजलीनं मात्र त्या दोन गोळ्याच मोजल्या. त्या गोळ्या फिटच्या होत्या. रोज रात्री एक, न चुकता. त्यांच्याच जोरावर अकरा वर्षं तिच्या बापाला झटका आला नव्हता.

ती गर्दी सारत बापापुढं गेली. "दादा, आधी गोळी घ्या."

महाराजांनी गोळ्यांवर हात ठेवला. "हे वाढलेले दिवस आहेत, पोरी. हा प्रसाद आहे." आणि गोळ्या चांदीच्या ताटलीत घालून गाभाऱ्यात पाठवल्या.

दर्शनाची रांग दोन तास चालली. मग पायऱ्या उतरताना रामप्रसाद ताठला आणि दगडावर डोकं आपटून पडला. हातपाय झाडू लागले, तोंडाला फेस आला. महाराज ओरडले, "संचार झाला!" डफ वाजू लागला. बायका त्या झाडणाऱ्या पायांवर डोकं ठेवायला धावल्या. कस्तुराबाईनं लेकाच्या कपाळाला हळद लावली आणि आनंदानं रडली. प्रांजलीला गर्दीचं कडं फोडून बापाला कुशीवर वळवायला दहा मिनिटं लागली.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर तनुजाबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. शरीरात एक घड्याळ असतं, आणि ते बहुतेकांचं जरा मागं पडणारं असतं. रोज सकाळचा उजेड ते जुळवून देतो. हिवाळ्यात दिवस लहान झाला, ऊन उशिरा आलं, तर नुसतं उठणंही जड जातं. पार अंधारात तर ते भरकटतंच. माणूस चौदा-पंधरा तास झोपतो आणि त्याला वाटतं, एकच रात्र गेली. प्रांजलीला हे परकं नव्हतं. थंडीतल्या रात्रपाळीच्या आठवड्यात ऊन दिसायचं नाही, तेव्हा आज मंगळवार की गुरुवार हे तिलाही मैत्रिणीला विचारावं लागायचं.

डोक्याचा मार मोठा होता. बरोबर दोन दिवसांनी रामप्रसाद गेला.

आणि गाव काय म्हणालं? महाराजांचा शब्द खरा ठरला. दोन दिवस दिले होते, दोन दिवस जगला. असल्या अकलेला काय म्हणावं!

दहाव्याला महाराज स्वतः सांत्वनाला आले. सोबत काकासाहेब होते, आणि सांडू नावाचा एक भक्त; तो उद्या तळघरात बसणार होता. त्याच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं होती.

कस्तुराबाईनं नातीला विचारलं, "मंग ते दोन दिस गेले कुठं?"

"कुठंच नाय गेले, आजी. अंधारात झोपेत सरले. दादा आत नऊच दिवस जगले. गोळ्या तेवढ्या सात दिवसांच्या घेतल्या." मग ती सगळ्यांकडं वळली. "काकासाहेब, थंडीत दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी देत नाहीत, म्हणून तुम्ही तुमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दिवे लावता. कोंबडीला उजेड लागतो हे कळतं, माणसाला लागतो हे कळत नाय? महाराज, मीच घड्याळ देते, ते घेऊन बसा आत. बघू किती दिवस वाढतात."

महाराज हसून म्हणाले, पोर दुःखात आहे.

बाबांनो, कुणी आयुष्य वाढवून देतो म्हणाला तर घड्याळ बघा, गोळी वेळेवर घ्या, आणि न कळलं तर विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही, महाराज कोपतात.

सांडूनं खिशातली पाकिटं काढून मोजली आणि तो उठून घरी गेला.

कस्तुराबाई मात्र महाराजांसमोर पदर पसरून बसली होती. "मह्या लेकराच्या दोन गोळ्या तुमच्या ताटलीत हायेत," ती म्हणाली. "त्या परत द्या."