तट्ट्यांच्या गाठी

पुलगावचं लग्न आटोपून नानाजी दोन दिवसांनी पिपरी मेघेला घरी आले, पाय धुवायला मागच्या अंगणात गेले आणि तिथंच थबकले. अंगणाच्या कडेला त्यांनी स्वतः ठोकलेलं काटेरी तारेचं कुंपण होतं. तारा गंजलेल्या, दोन खांब वाकलेले, भोकांत खताची फाटकी पोती कोंबलेली. दिसायला ओंगळ, पण आरपार दिसायचं. आता त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूचे विणलेले कोरे तट्टे उभे होते, पुरुषभर उंच. पलीकडे श्रीधर सरांचं अंगण आहे की नाही, हेही कळायची सोय उरली नव्हती.

"हे काय होय?"

"तट्टे," भांडी घासता घासता लीलाबाई म्हणाल्या.

"ते मले दिसते. मास्तरानं कवा लावले? अन् तू काय करून राह्यली होती, झोपा?"

लीलाबाईंनी तोंड उघडलं, पण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची नानाजींची रीत नव्हती. ते तोवर तट्ट्यांपाशी जाऊन पोचले होते.

नानाजींचा संशय हवेतून आला नव्हता. ते लहान असताना गावी, पवनारला, शेजारच्या नत्थूजीनं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काट्या रचल्या होत्या. ढोरं शिरतात म्हणून, असं अगदी गोड बोलून. काट्यांच्या आडून धुरा दर वर्षी थोडा थोडा सरकला आणि चार वर्षांत पऱ्हाटीची दोन तासं, कपाशीच्या अख्ख्या दोन ओळी, पलीकडं गेली. वडील मरेपर्यंत तेच बोलत राहिले. तेव्हापासून नानाजींच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती की शेजारी झाकू लागला म्हणजे खाऊ लागला. शेत मुलाच्या, अंकुशच्या, हवाली करून घेतलेला हा शहरातला एवढासा तुकडा, तोही हातचा जातो की काय, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी घेऊन जागा मोजली. न्हाणीच्या भिंतीपासून तारेपर्यंत नऊ काठ्या आणि एक वीत, कुंपण घातलं तेव्हाचं माप. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच भरलं. दुसरा कोणी असता तर हुश्श म्हणून चहा प्यायला असता. नानाजींची मात्र काळजी वाढली. जागा खाल्ली नाही, म्हणजे डाव त्याहून मोठा असणार. पलीकडे संडासाची टाकी तर खोदत नसतील?

तिसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढले. सत्तरीच्या माणसानं करू नये ते केलं आणि तट्ट्यांवरून डोकं काढलं. टाकी नव्हती, खड्डा नव्हता. श्रीधर सरांची बायको मीरा दोरीवर कपडे वाळत घालत होती. एरवी "काय काकाजी" म्हणणारी ही बाई. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि अर्धी बादली तशीच टाकून घरात गेली.

"चोराच्या मनात चांदणं," नानाजी पुटपुटत खाली उतरले आणि मग राग नेहमीच्या ठिकाणी निघाला. "तुह्यासारखी बावळट बाई घरात असल्यावर धुरा काय, एक दिवस घरबी जाईन. डोळे हायेत का खोबण्या?" लीलाबाई भांडी घासत राहिल्या. त्यांना हे काही नवं नव्हतं.

चौथ्या दिवशी नानाजींना गाठी दिसल्या. ज्या बारीक तारेनं तट्टे कुंपणाला बांधले होते, तिचे पीळ त्यांच्याच अंगणाच्या बाजूनं होते, एकूण एक. आता कुंपण बांधणारा माणूस आपल्या बाजूनं उभा राहून बांधतो आणि पीळही आपल्याच बाजूनं देतो, म्हणजे दुसऱ्याला ते सोडता येत नाहीत. हे पवनारकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. याचा अर्थ उघड होता. आपण पुलगावला असताना मास्तर आपल्या अंगणात शिरला होता. नानाजींना संताप आला आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण अखेर काहीतरी हाती लागलं होतं.

ते तडक समोरच्या फाटकातून श्रीधर सरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सर, मले न इचारता तुम्ही माह्या अंगणात काऊन आलते?"

सर वह्या तपासत होते. ते गोंधळून उठले. "मी? कधी?"

"तट्टे बांधाले. गाठी माह्या बाजूनं हायेत."

"पण तट्टे आम्ही नाही लावले, काकाजी. आम्हाला वाटलं, तुम्हीच सांगून गेला असाल. बांधणारा माणूस तुमच्याकडं आलता. काकू स्वतः उभ्या होत्या, शेवटच्या गाठी तर त्यांनीच मारल्या."

आतून मीरा दारापर्यंत आली. "काकाजी," ती हळूच म्हणाली, "घरी जाऊन काकूंना बोलू नका."

एवढंच म्हणून ती थांबली. नानाजी घरी आले. लीलाबाई मागच्या अंगणात नळापाशी होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना काय ते कळलं. त्यांनी हात पदराला पुसले.

"मीच लावले," त्या म्हणाल्या. "पह्यल्याच दिवशी सांगनार होती."

"काऊन?"

लीलाबाईंनी नळ बंद केला.

"तुम्ही मले रोज इथं नळावर बोलता. घरात बोलता त्याचं काई नाई, चाळीस वर्सं झाले. पन तिकडं मीरा कपडे वाळू घालत राह्यते. पह्यले ती तुमच्याकडं पाहे. मंग तिनं तुमच्याकडं पाह्यनं सोडलं अन् माह्याकडं पाहू लागली. तिचे डोळे भरून येत. मले ते सहन होत नोतं. कोनी माही कीव केलेली मले नाई पाह्यजे."

नानाजींना एकदम लाज वाटली, इतकी की बायकोकडे पाहणं जमेना. एवढ्या मोजमापात, एवढ्या पहाऱ्यात, जे आपल्याच अंगणात होतं तेवढं सोडून सगळं त्यांनी शोधलं होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं. काय म्हणतात अशा वेळी, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी त्यांनी घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

लीलाबाईंना वाटलं, आता पुन्हा बोलणी; त्यांनी आधी तट्ट्यांकडे पाहिलं, कुठं फट तर राहिली नाही ना.