झोपेतली काडी

हिरवं होतं… नखाच्या टोकाएवढं, पण हिरवं. तिने नखाने काडीची साल जराशी खरवडून अंगठा उचलला आणि काडी पुन्हा ओल्या गोणपाटात, बाकीच्यांशेजारी ठेवली. जिवंत आहे. कालही होती.

"वहिनी, काड्या आहेत की आजारी माणूस? सारखी आपली नाडी बघताय!" खड्डा खणणारा दीर हसत म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून उगीचच फावड्याने माती सारखी करत राहिला.

द्राक्षाच्या या काड्या त्याच्या भावाने, तिच्या नवऱ्याने छाटलेल्या, दवाखान्यात जायच्या आधी, ऐन थंडीत. खालचा काप सरळ, वरचा तिरका. लावताना उलटसुलट व्हायला नको. मूळ वेल नंतर दवाखान्याच्या येरझाऱ्यांत पाण्यावाचून वाळून गेली. "थंडी सरता सरता लाव," तो म्हणाला होता, "झोपेत असतानाच. ऊन तापलं की काडीचे डोळे फुटून पानं येतात, आणि मुळं नसलेली काडी पानांना पाणी कुठून पाजणार?" मी नसलो तर, असं तो म्हणाला नव्हता. तिनेही विचारलं नव्हतं.

आता कुंपणाची तार सकाळीच चटका देत होती. तरी लावायचं तिचं आज-उद्या, आज-उद्या… दवाखान्यातही ती नवऱ्याच्या बोटाचं नख दाबायची. पांढरं पडायचं, मग हळूहळू गुलाबी. गुलाबी म्हणजे आहे. "अहो बाई, झोपू द्या की त्यांना," नर्स वैतागायची. आणि एकदा दाबून ती वाट बघत बसली… बसली…

"आणा इकडे." दिराने गोणपाट उलगडलं. काड्यांवर ओरखडेच ओरखडे, आणि जिथे जिथे तिला कालपर्यंत हिरवं दिसलं होतं तिथे आता तपकिरी, कोरडं. "वहिनी… एकदा खरवडून बघायचं असतं. रोज सोललं तर जगेल कशी?"

तळाशी एक निघाली. न दिसलेली, म्हणून अखंड.

तिने सरळ काप खाली धरून ती लावली, माती दाबली. वर साल कोरीच्या कोरी. आत काय आहे, कळायला मार्ग नाही. एकदा चालतं, आत्ताच दीर म्हणाला… एकदाच. अंगठा पुढे झाला. तिने तो मुठीत घेतला, घट्ट.

आणि मुठीच्या अंधारात तिच्या नखावर कुणीतरी हलकेच दाब दिला, आणि वाट बघत थांबलं.